पहिला नट मालकाच्या हातचा

गाडी खोलायची की अजून उभी ठेवायची, हे विचारायला माणसं माझ्याकडे येतात. डॉक्टरकडे यावं तशी येतात. आधी पाणी पितात, इकडचं तिकडचं बोलतात, भाताची लावणी कुठवर आली ते सांगतात, आणि मग मान खाली घालून म्हणतात, काकी, एकदा बघून घ्या. तेव्हाच मला कळतं, की घरी ठरलेलं आहे. आता फक्त ते कुणीतरी तोंडाने बोलायला हवं आहे.

महाडहून पोलादपूरकडे निघालात की हायवेच्या डाव्या हाताला पत्र्याचं कुंपण लागतं. कुंपणावर गाड्यांचे दरवाजे ओळीने टांगलेले आहेत, कुठला लाल, कुठला पांढरा. ते आमचं. लोक भंगारवाले म्हणतात. मी चिडत नाही, पण फरक आहे तो सांगते. भंगारवाला गाडी वजनावर घेतो आणि वजनावरच विकतो, त्याला सगळं लोखंड सारखं. आम्ही गाडी खोलतो. म्हणजे एकेक नट सोडवून आतली धडधाकट वस्तू वेगळी काढायची, डिझेलने धुवायची, तेलाचा हात फिरवून फळीवर ठेवायची. मग कुणाची गाडी तेवढ्या एका वस्तूवाचून अडलेली असते, त्याला ती द्यायची. एक गाडी जाते आणि तिच्यातून दहा गाड्या चालू राहतात. हे आमचे यजमान म्हणायचे, आणि ते असं म्हणताना फार मोठं काम करतो आहोत असं वाटायचं. मग अंगाला ग्रीस लागलेलं दिसलं की वाटेनासं व्हायचं.

मी सातवी शिकलेली. लग्न होऊन आले तेव्हा पान्यांना नंबर असतात हेही मला ठाऊक नव्हतं. यांनी काही बसवून शिकवलं नाही. ते गाडीखालून नुसता हात बाहेर काढायचे आणि म्हणायचे, चौदाचा. मी बाराचा द्यायचे. तो पाना सरपटत माझ्या पायाशी परत यायचा. असा पाना चार वेळा परत आला की माणूस शिकतं. हे गेले तेव्हा दीर म्हणाले, आता जागा भाड्याने देऊन टाकू. मी म्हटलं, मला सगळे पार्ट हाताने ओळखू येतात. आणि खरोखरच यायचे. अंधाऱ्या खोलीत दोन डायनामो हातात दिलेत तर कुठला जीपचा आणि कुठला टेम्पोचा ते मी आजही वजनावरून सांगेन.

गाडीखालचं काम इस्माईलभाई करतात. ते यांच्या वेळेपासूनचे, माझ्यापेक्षा दोनचार वर्षांनीच लहान असतील. मला भाभी म्हणतात आणि माझं ऐकत नाहीत.

तर गाडी खोलायची की नाही, हे कसं ठरवतात ते सांगते. पहिलं म्हणजे पत्रा. आपल्याकडे चार महिने पाऊस, पत्रा आतून खातो. वरून रंग छान दिसतो, पण बोटाने टकटक केलं की कळतं. चांगला पत्रा टणक वाजतो, खाल्लेला पत्रा खोकतो. दुसरं कागद. ज्याच्या नावावर गाडी त्याची सही हवी, पुढे पेणच्या आरटीओत जाऊन नंबर रद्द करावा लागतो. तिसरं, त्या गाडीसारख्या अजून किती गाड्या आसपास धावतात ते बघायचं. कुणाला तिच्यातलं काही लागणारच नसेल तर खोलून उपयोग काय? एवढं जमलं की धंद्याच्या हिशेबाने गाडी खोलायची झाली.

पण आमच्याकडे याच्या वर एक नियम आहे. पहिला नट मालकाच्या हातचा. गाडीवाल्याने स्वतः पाना हातात घ्यायचा आणि कुठला का असेना, एक नट सोडवायचा. मगच आमचे हात लागणार. हा नियम यांनी घातला तो काही भावनेपोटी नव्हे. एकदा एकाने गाडी आणून टाकली आणि खोलून झाल्यावर आला, मी फक्त ठेवायला दिली होती म्हणाला. तेव्हापासून हे. पण नियम झाल्यावर त्याला वेगळाच रंग चढला. नट सोडवताना माणसं रडलेली मी पाहिली आहेत. तुडीलचे एक गुरुजी तर बायको, सून, नातवंडं सगळ्यांना घेऊन आले होते. बाईंनी गाडीला हळदकुंकू लावलं. गुरुजींनी पाना लावला, जोर केला, नट काही सुटेना. इस्माईलभाई म्हणाले, उलटा फिरवताय, घट्ट होतोय तो. गुरुजी थांबले, पाना खाली ठेवला आणि म्हणाले, बघा, तिचीच इच्छा नाही. गाडी दोरीने बांधून परत नेली. ती अजून त्यांच्या अंगणात आहे, तिच्यात कोंबड्या बसतात.

असं सगळं हसण्यावारी नेता येतं. पण या नियमाच्या बाबतीत एक चूक माझ्या हातून झाली आहे, आणि ती सांगायलाच मी हे लिहायला बसले.

त्या जुलैत सावित्री नदीचं पाणी महाडात शिरलं ते सगळ्यांना आठवतं. आमच्या फळ्यांवरचे पार्ट खाली आले आणि खालचे कुठे गेले ते सावित्रीलाच ठाऊक. मग तळीये गाव दरडीखाली गेल्याची बातमी आली, आणि त्यानंतर आमच्याकडचं कुणी आपल्या गाळाविषयी मोठ्याने बोलेनासं झालं. महिनाभर दिवसाला चारपाच गाड्या यायच्या, सगळ्या चिखलाने भरलेल्या. यात एक गोष्ट सांगून ठेवते, उपयोगी पडेल. पाण्यात बुडालेल्या गाडीला सेल्फ मारायचा नाही. इंजिनात पाणी असतं, ते दाबलं जात नाही, मग आतला रॉड वाकतो. आधी पाणी काढायचं, ऑइल काढायचं, मग पुढचं. हे महाडात सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांनी सेल्फ मारला. पाणी ओसरल्यावर माणूस आपल्या गाडीपाशी जातो, दार उघडतो, आणि हात आपोआप चावीकडे जातो.

गंगारामदादांनीही तेच केलं होतं. कापडे गावाच्या वर डोंगरात एक वाडी आहे, दादा तिथले. त्यांची जुनी डिझेल जीप, मागे दोन्ही बाजूंना बाकं टाकलेली. एसटी कापड्यापर्यंतच येते, तिथून वर वाडीला जायला पंधरावीस वर्षं ही एक जीप होती. बाजार, शाळा, दवाखाना, गणपती, मयत, सगळं तिच्यातून. पुराच्या आदल्या दिवशी ते वाडीतल्या एका बाळंतिणीला घेऊन महाडला आले होते. बाई दवाखान्यात, जीप गल्लीत. बाळ आणि बाई दोघं सुखरूप राहिली, जीप टपापर्यंत बुडाली.

जीप दोरीने ओढून आमच्याकडे आणली तेव्हा दादा स्टेअरिंगवर बसलेले होते. मी विचारलं, सेल्फ मारला का? म्हणाले, "तीनदा मारला. ठाऊक होता गो मला. पन हाताला कोन सांगनार."

इंजिन धरलं होतं, म्हणजे आतून जाम झालं होतं. इस्माईलभाईंनी बोटाने पत्रा वाजवला आणि माझ्याकडे बघितलं. मला समजलं. पण दादांनी आधीच सांगून टाकलं, खोलायची नाय. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता. मुंबईला लेकाकडे जाऊन डोळे करून घेईन, तोवर दुसरं इंजिन मिळेल, मग परत चालवीन. जागा तेवढी दे. मी कोपऱ्यात काजूच्या झाडाखाली जागा दिली.

तेव्हापासून महिन्यातून एकदा दादा यायचे. सकाळच्या एसटीने उतरायचे, आमच्याकडचा हातपंप घेऊन चारी चाकांत हवा भरायचे, काच पुसायचे. मग सीटवर बसून गिअर टाकायचे, पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. इंजिन बंद, गाडी जागची हलत नाही, पण गिअर सगळे टाकायचे. शेवटी पहिल्या गिअरमध्ये ठेवून खाली उतरायचे, चाकाखालचा दगड काढायचे आणि मागून जीपला खांदा लावून जोर द्यायचे. गाडी हलायची नाही. मग दगड परत लावून, हात धुऊन, चहा घेऊन जायचे. मला आधी वाटायचं, म्हाताऱ्याचा चाळा आहे. इस्माईलभाईंनी सांगितलं, घाटातला ड्रायव्हर आहे तो. हँडब्रेकवर विसंबत नाही. गाडी गिअरमध्ये उभी करतो आणि धरते की नाही ते खांद्याने बघतो, मगच पॅसेंजर उतरवतो.

अशी दोन वर्षं गेली. इंजिन काही मिळालं नाही. खरं सांगायचं तर एकदा मिळालं होतं, पण दादांची ऐपत होईपर्यंत ते दुसऱ्याने नेलं.

वाडीतल्याच अनंताची दुसरी जीप होती, दादांच्या जीपसारखीच. दादांची जीप चालू असतानाच त्याने ती आणली होती आणि त्याच रस्त्यावर पॅसेंजर भरायला लागला होता. तेव्हापासून दोघांचं बोलणं नाही. एका वाडीत राहायचं, एका विहिरीचं पाणी प्यायचं आणि बोलायचं नाही, हे कसं जमतं ते त्यांनाच माहीत. दादांची जीप बुडाल्यावर वाडीला अनंताचीच गाडी उरली.

गणपतीला आठ दिवस राहिले असतील, अनंता तोंड पाडून आला. चढावर भरल्या गाडीचा मागचा जोडा तुटला होता. जोडा म्हणजे मागच्या चाकांच्या मधोमध भोपळ्यासारखा गोळा दिसतो ना, त्याच्या आत दोन दातेरी चाकं एकमेकांत बसलेली असतात. इंजिनाचा जोर तिथून चाकांना मिळतो, आणि गिअरमध्ये उभी केलेली गाडीही तोच जोडा धरून ठेवतो. दात तुटले की इंजिन कितीही ओरडलं तरी चाक फिरत नाही. त्या जीपचा जोडा आता नवा मिळत नाही. मी चार ठिकाणी फोन केले, कुणाकडे नव्हता. अनंता माझ्याकडे बघतच नव्हता, तो काजूच्या झाडाकडे बघत होता.

मी म्हटलं, ती खोलायची नाही.

तो म्हणाला, "काकी, माझ्या धंद्याचं सोडा. वाडीतली एक बाई हाय, आठवड्यातून दोनदा तिला मशीनवर रक्त शुद्ध करायला महाडला आणतो. परवा तिला डोलीतून कापड्यापर्यंत आणली. चार माणसं लागली. पुढच्या आठवड्यात कोन देनार खांदा? सगळी गणपतीच्या कामात."

दादा तेव्हा मुंबईत होते, डोळ्यांच्या ऑपरेशनला. मी त्यांच्या लेकाच्या नंबरवर फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. आता इथे मला खोटं लिहिता येणार नाही. मी एकदाच फोन केला. दुसऱ्यांदा केला असता तर त्यांनी उचलला असता, आणि दादांनी नाही म्हटलं असतं. म्हणून केला नाही.

इस्माईलभाई पाना घेऊन उभे होते. म्हणाले, "भाभी, नट त्याच्या हातचा पायजे." मी म्हटलं, माणसाचा जीव आहे, नटाचं काय घेऊन बसलात. त्यांनी पाना माझ्या हातात दिला. पहिला नट मी सोडवला. आयुष्यात दुसऱ्याच्या गाडीचा पहिला नट मी सोडवला तो एवढाच.

जोडा निघाला, अनंताच्या जीपला बसला. इस्माईलभाईंनी दादांच्या जीपचं झाकण परत लावलं, मोकळा झालेला शाफ्ट तारेने वर बांधला. खाली वाकून बघितल्याशिवाय काही कळलं नसतं. मी मनाशी म्हटलं, दुसरा जोडा मिळेल तेव्हा गुपचूप बसवून टाकू. बाई मशीनवर वेळेवर येत राहिली. गणपतीही वाजत वर गेले.

गणपतीनंतर पंधरा दिवसांनी दादा आले. डोळ्यांवर काळा चष्मा. लांबूनच माझी साडी कुठल्या रंगाची ते सांगितलं, इतके खुशीत होते. डॉक्टरने दोन महिन्यांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हटलं होतं. मला चहा ठेवायला सांगून ते पंप घेऊन गेले. मी चुलीपाशी उभी होते, पण कान तिकडेच. पंपाचा आवाज आला. मग गिअर. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. मग दार वाजलं. मग दगड काढल्याचा आवाज.

मी बाहेर आले तेव्हा जीप हातभर पुढे गेलेली होती आणि दादा दोन्ही हात तसेच पुढे धरून उभे होते. इस्माईलभाईंनी धावत जाऊन दगड लावला.

दादांनी आत वाकून गिअर बघितला. पहिलाच होता. मग ते जमिनीवर आडवे झाले, ऑपरेशन झालेले डोळे घेऊन, आणि खाली बघितलं. उठले तेव्हा पाठीला माती लागली होती. विचारलं, "कोनाला?"

मी अनंताचं नाव सांगितलं. त्या बाईचं सांगितलं. फोन लावल्याचं सांगितलं. एकदाच लावला हेही सांगितलं. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मी नायच म्हटलं असतं," दादा म्हणाले. "पन वयनी, मला नाय म्हनायला तरी द्यायचं होतंस."

चहा तसाच राहिला. ते एसटीला निघून गेले.

मग दादा यायचे बंद झाले. एक महिना, दोन महिने, सहा महिने. जीपच्या चाकांतली हवा गेली, ती रिंगवर बसली. हवा मी भरू शकले असते, पण मला हात लावायची हिंमत होईना. रोज कुंपण उघडलं की ती समोर दिसायची. गिऱ्हाईकं विचारायची, काकी, त्या जीपचा रेडिएटर द्याल का, बोनेट द्याल का. मी म्हणायचे, मालकाला विचारा. मालक कुठे आहे? मालक यायचा थांबला आहे. असं उत्तर दिल्यावर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा विचारत नाही.

मी जोडा शोधतच होते. शेवटी कराडला एका ओळखीच्याकडे मिळाला, दात चांगले, जेमतेम वापरलेला. ठरवलं की आता फोन करायचा नाही, समोर जायचं. अनंताला म्हटलं, मला वर ने. तो म्हणाला, माझ्या गाडीतून? म्हटलं, दुसरी आहे का तुमच्या वाडीला?

एवढी वर्षं घाटातल्या गाड्या खोलल्या, पण तो रस्ता मी पहिल्यांदा बघितला. कापडे गाव मागे पडलं, भाताची खाचरं संपली आणि जीप नाक वर करून चढायला लागली. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. वळणावर गाडी थांबवून मागे घ्यावी लागायची, तेव्हा मागची चाकं कुठे आहेत ते मी बघितलं नाही. पार्टांवर झीज असते ती आम्ही बोटाने बघतो, इतकी वापरली, तितकी वापरली म्हणतो. ती झीज कुठून येते ते मला त्या दिवशी कळलं. आणि खांदा लावून बघायचं का, तेही.

दादा ओट्यावर बसले होते. मला बघून उठले, आत हाक मारली, पाणी आणवलं. रागावलेला माणूस पाणी देतो तेव्हा आपण अर्धे सुटतो. मी पिशवीतून जोडा काढून पुढे ठेवला. म्हटलं, दादा, हा अनंताच्या गाडीला लावते, तुमचा तुम्हाला परत बसवून देते. माझी चूक झाली.

त्यांनी जोडा उचलला, बोटाने दात चाचपले. "कुठचा?"

"कराडचा."

"सपाटीवरचा," ते म्हणाले आणि खाली ठेवला, वाढलेली भाजी नकोशी झाल्यासारखा. "हा इथं नाय टिकायचा."

अनंता अंगणाच्या कडेला जीपला टेकून उभा होता, हाक मारली तर ऐकू येईल एवढ्या अंतरावर. दादा उठून तिकडे गेले. मला म्हणाले, "वयनी, त्याला सांग, उताराला न्यूट्रल करत जाऊ नको म्हनावं. मी घरात बसून ऐकतो. वळनाच्या खाली गाडीचा आवाज तुटतो."

अनंता माझ्याकडे बघून म्हणाला, "काकी, त्यांना सांगा, डिझेल झाडाला लागत नाय."

"त्याला सांग, डिझेल वाचंल आनि गाडी जाईल. आत ती बाई बसलेली असते."

मी दोघांच्या मध्ये उभी, दोघांमध्ये माझ्याएवढीच जागा. मी एक अक्षर बोलले नाही, सगळं त्यांना ऐकू जात होतंच. अनंताने थोडा वेळ पायाने माती उकरली. मग म्हणाला, "सांगा काकी, आजपासून नाय करनार."

दादांनी आत वाकून बघितलं, गाडी गिअरमध्ये होती. चाकाखालचा दगड पायाने बाजूला केला, मागे गेले आणि जीपला खांदा लावला. त्या अंगणाचा उतार असा आहे, की जीप सुटती तर थेट शेजाऱ्याच्या गोठ्यात गेली असती. जीप जागची हलली नाही. दादांनी पुन्हा एकदा जोर देऊन बघितला. मग खांद्याची धूळ झटकली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. म्हणाले, "चला, महाडला जायचं हाय मला."

खाली येईपर्यंत ते डोळे मिटून आवाज ऐकत होते. एकदाही आवाज तुटला नाही.

माझ्या अंगणात उतरल्यावर त्यांनी इस्माईलभाईंकडे पाना मागितला. मला म्हणाले, डोळे परत मिळालेत पण इंजिन मिळत नाही हे त्यांना तिथे मुंबईतच कळत होतं. लेकाने सांगितलंही होतं. पण जीप अख्खी होती तोवर ते कबूल करायची गरज नव्हती. मग म्हणाले, "खोल. पन एकदम नाय. वरच्या गाड्यांना जसं लागंल तसं. आनि दर वेळी मला बोलव. पहिला नट मीच सोडवीन."

आमच्या धंद्यात असं कुणी करत नाही. गाडी खोलायची तर एकदा खोलून मोकळं व्हायचं, जागा अडते. इस्माईलभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, जागा माझी आहे.

तेव्हापासून ती जीप तशी जाते आहे. रेडिएटर कापड्याच्या एका गाडीला गेला. पाटे, म्हणजे खालच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, आणि चाकं अनंताने नेली. दर वेळी मी फोन करते. उचलला नाही तर दुसऱ्यांदा करते, तिसऱ्यांदा करते. दादा एसटीने येतात, एक नट सोडवतात, बाकीचं इस्माईलभाई काढतात. मग दादा सीटवर बसून गिअर टाकतात आणि चहा घेऊन जातात. एकदोनदा त्यांनी चक्क नाही म्हटलं. स्टेअरिंग द्यायचं नाही म्हणाले, कारण सांगितलं नाही. ते दिलेलं नाही. अनंताशी आता सरळ बोलतात. म्हणजे भांडतात. माझी मात्र त्यातून सुटका झाली.

यंदा गणपती झाल्यावर अनंताचा गिअरबॉक्स गेला. त्याने मला फोन केला. गिअरबॉक्स काढायचा तर वरची लिव्हरही काढावी लागते. मी म्हटलं, दादांना मी सांगते. तो म्हणाला, नको, मी सांगितलंय. ते माझ्या शेजारीच बसलेत.

दादा आले. नट गंजलेला होता. इस्माईलभाईंनी त्यावर डिझेल सोडलं, आम्ही अर्धा तास बसून राहिलो, पेरू खाल्ले. मग दादांनी नट सोडवला. दुपारपर्यंत बॉक्स निघाला, अनंता घेऊन गेला. दादा म्हणाले, तू हो पुढे, मी एसटीने येतो.

मी चहा घेऊन गेले तर ते जीपमध्ये बसलेले. डावा हात सवयीने खाली गेला आणि जिथे लिव्हर असायची तिथे थांबला. तिथे आता भोक आहे. त्यातून त्यांनी खाली वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं.

"खाली गवत लय वाढलंय गो," म्हणाले. "साप बसंल."

मी विळा आणला. तो त्यांनी माझ्या हातातून घेतला आणि आपणच जीपखालचं गवत कापलं, चारी बाजूंनी, अगदी बुडापासून. विळा धुऊन दिला. चहा घेतला. निघताना मागे गेले आणि जीपला खांदा लावला. आता तिला चाकं नाहीत, ती चार दगडांवर उभी आहे.

"हलत नाय," दादा म्हणाले, आणि एसटीला निघाले.